दोन्ही बाजूंना ए

टिपणिसांच्या घरात अबोला ही वडिलोपार्जित चीज होती. चिंतामणरावांचे वडील आपल्या सख्ख्या भावाशी शेवटपर्यंत बोलले नाहीत, आणि अगदी शेवटी बोलले ते "त्याला सांगा" एवढंच. काय सांगा, ते सांगायच्या आत ते गेले. त्यामुळे त्यांना काय सांगायचं होतं यावर दोन्ही घरांत पुढे कितीतरी वर्षं वाद चालला आणि त्यातून आणखी दोन-तीन अबोले जन्माला आले.

हा वारसा चिंतामणरावांनी धाकट्या मुलाच्या नावे केला. आज, मुलीच्या, मीनलच्या साखरपुड्याच्या सकाळी, त्यांनी श्यामकांतशी बोलणं टाकल्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात बापलेकांमधलं सगळं दळणवळण श्यामची आई मालिनीबाई यांच्यामार्फत चाललं. दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर जेवायला बसत. चिंतामणराव घास हातात धरून म्हणत, "त्यांना विचार, आमटी हवी का." मालिनीबाई डाव्या हाताला वळून विचारत, "आमटी हवी का?" श्याम म्हणे, "बाबांना सांग, अर्धी वाटी." मालिनीबाई उजवीकडे वळून "अर्धी वाटी" म्हणत. मग पातेलं सरके. बोलणं बंद झाल्यापासून चिंतामणराव मुलाचा उल्लेख आदरार्थी करू लागले होते, हा श्यामला त्या अबोल्यातून झालेला एकमेव लाभ.

आणि उद्या श्याम अंधेरीला राहायला जाणार होता. त्याच्या गाण्यांच्या नव्या कॅसेटच्या यशानंतर मुंबईच्या एका कंपनीने त्याला करार दिला होता, वर जागाही. बॅगा भरून पलंगाखाली सरकवलेल्या होत्या. मालिनीबाईंनी रात्री देवाला नमस्कार करताना मुलीच्या साखरपुड्यासाठी काही मागितलं नाही. चौबळ मंडळी चांगली होती, मुलगा सुहास तर मीनलने स्वतःच शोधलेला, तिथे देवाला फारसं काम उरलं नव्हतं. त्यांनी मागितलं ते एवढंच, की हा दार ओलांडायच्या आत त्याच्या बापाने त्याच्याशी एक वाक्य बोलावं. कुठलंही. आमटीचंसुद्धा चालेल.

देवाने ऐकावं म्हणून त्यांनी स्वतःकडून एक बंदोबस्त केला होता. साइड बी घरात येऊ द्यायची नाही.

श्यामची पहिली कॅसेट आली होती त्र्याण्णव साली. उलटी टोपी, ढगळ पँट आणि "रॅपर शॅम" असं नाव. नाव ठेवायला आम्ही गुरुजी बोलावले होते, असं चिंतामणराव तेव्हा म्हणाले. पण कॅसेट कॉलेजांतून धडाधड वाजली आणि अंबरनाथ स्टेशनावर पोरं श्यामला वळून पाहू लागली, तेव्हा त्यांनी गुरुजींचा विषय सोडला. दुसरी कॅसेट गणपतीत निघाली आणि दिवाळीपर्यंत लोकांनी तिच्यावर भजनं भरून घेतली. त्यानंतर श्याम घरी बसला. बसला म्हणजे झोपला. दहा-दहा वाजेपर्यंत.

चिंतामणराव तेव्हा फॅक्टरीत फोरमन होते. तीस वर्षं त्यांनी पॉवर प्रेसच्या खात्यात काढली होती. तिथे पत्र्यावर ठोका पडतो तेव्हा देवाचंही काही ऐकू येत नाही. त्यामुळे बोलायचं ते दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. वाक्य छोटं, धार लावलेलं, आणि ठोका पडायच्या आत संपलेलं. ही सवय घरीही सुटली नव्हती. सकाळी दाढीचा फेस तोंडाला लावून ते श्यामच्या पलंगाशी उभे राहत आणि सुरू होत. एक वाक्य, मग गप्प. ठोका. दुसरं वाक्य. ठोका. प्रेस फॅक्टरीत असे, पण ठोके बिल्डिंगमधल्या चारही मजल्यांना ऐकू येत. आणि दहा मिनिटं सगळं बोलून झालं, की त्याच पट्टीत, त्याच रागात, शेवटचं वाक्य येई, "चहा झाकून ठेवलाय." ते मात्र कधी चुकलं नाही.

मग त्यांनी शब्द टाकून श्यामला फॅक्टरीत चिकटवला. कामावर हजर व्हायच्या दिवशी ते स्वतः गेटवर उभे राहिले, श्यामचा डबाही हातात घेऊन. भोंगा झाला, गेट बंद झालं, श्याम आला नाही. तो त्या वेळी उल्हासनगरात कॅसेटवाल्या लच्छूशेठच्या दुकानामागच्या खोलीत, अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवलेल्या स्टुडिओत, गात होता. संध्याकाळी चिंतामणराव दोन डबे घेऊन घरी आले, दोन्ही घासायला ठेवले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. पलंगाशी कुणी उभं राहिलं नाही. श्याम त्या दिवशी आपण होऊन सहाला उठला आणि, मालिनीबाई सांगत, भूत पाहिल्यासारखा घरभर हिंडला.

तिसरी कॅसेट निघायला दोन वर्षं गेली. तिचं नाव "गोड-तिखट". कव्हरवर मधोमध कापलेला श्याम होता, अर्धा कोट घालून हातात गुलाब धरलेला, अर्धा गळ्यात साखळी घालून दात दाखवणारा. साइड ए-वर सहा प्रेमगीतं, साइड बी-वर सहा ठोकगाणी. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनच्या बाजारातून ती निघाली ती विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतपर्यंत गेली. मुलं साइड ए मुलींना ऐकवत आणि साइड बी स्वतः ऐकत. रिक्षात मुलगी बसली की ए, उतरली की बी, असा रिक्षावाल्यांचा शिरस्ताच पडला. लच्छूशेठने दुकानाला नवीन शटर बसवलं आणि त्यावर श्यामचा अर्धा चेहरा रंगवून घेतला. शटर अर्धंच उघडायचं त्यांचं धोरण तेव्हापासून.

साइड ए मालिनीबाईंना पहिल्या दिवशीच पाठ झाली. "तू हसलीस तिकडे, उजाडलं इकडे" हे तर त्या निवडणं-टिपणं करताना म्हणत. साइड बी त्यांनी ऐकली ती चोरून, चिंतामणराव दूध आणायला गेले असताना, टू-इन-वनला कान लावून. पहिलंच गाणं ऐकलं आणि त्या हातात पोळ्यांचं कालथं घेऊन जमिनीवर बसल्या. त्यात श्यामचं काही नव्हतं. सगळं चिंतामणरावांचं होतं. दोन वर्षं रोज सकाळी पलंगाशी म्हटलेलं, शब्दाला शब्द, ठोक्याला ठोका.

त्यांना वाटलं, हे यांनी ऐकलं की संपलं. आपलं बोलणं पोरगा बाजारात विकतोय हे कळल्यावर हा माणूस पुढच्या जन्मीसुद्धा तोंड उघडणार नाही.

म्हणून त्या उल्हासनगरला गेल्या आणि लच्छूशेठला म्हणाल्या, की आमच्या नातेवाइकांसाठी पिशवीभर कॅसेटी वेगळ्या भरून द्या. दोन्ही बाजूंना ए.

लच्छूशेठने त्यांच्याकडे पाहिलं. "भाभी, माझ्या जिंदगीत लोकांनी दुकानात येऊन दुप्लिकेट मागितलं. पण दोन्ही साइडला सेम माल कोणी नाय मागितला."

"घरात मोठी माणसं आहेत."

"साईं, मोठे लोक तो बी साइडच ऐकतात. समोर नाय ऐकत." तरी त्यांनी भरून दिल्या, आणि भाभीकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून स्वतःच्या हिशेबाने सर्वांत हलकी टेप वापरली.

त्या कॅसेटी साऱ्या नात्यात गेल्या. चार महिने कुणाची तक्रार आली नाही. बेलवलीच्या चौबळांनी तर, सोयरीक ठरल्यावर, निरोपही पाठवला, की श्यामकांतचं विशेष हे की मागची बाजूही पुढच्या बाजूइतकीच गोड आहे, हल्लीच्या गायकांत हे सातत्य दिसत नाही.

चिंतामणराव मात्र ही कॅसेट ऐकतच नसत. ती लागली की ते गॅलरीत जात. बाहेर जे कानावर पडे त्याचा अर्थ ते आपल्या परीने लावत. मागच्या महिन्यात शिवमंदिराकडून चालत येताना चार पोरं त्यांच्यामागून "नळ येतो सहाला" असं ओरडत गेली, तेव्हा ते घरी येऊन समाधानाने म्हणाले होते, की पाण्याच्या बाबतीत नवी पिढी जागरूक झाली आहे. आणि दुसऱ्या दिवशी सहाला उठून त्यांनी पिंप तपासलं.

गच्चीवर मांडव सकाळीच पडला होता. थोरल्या शशिकांतने खुर्च्या मोजून मांडल्या, मग कुणी विचारलं नसताना पुन्हा मोजल्या. शशिकांत विमा कंपनीत होता. दुसरी कॅसेट आपटली तेव्हा त्याने ऑफिसात "रॅपर शॅम आमच्या नात्यातला नाही, फक्त आडनाव एक" असं सांगितलं होतं. आता तो ऑफिसात कॅसेटी वाटे आणि "लहानपणी मीच त्याला ताल शिकवला" म्हणे. त्याची बायको उमा हे ऐकताना एक बोट टेबलावर आपटून ठोका धरी, आणि शशिकांतला तो कधीच ओळखता येत नसे. दोन वर्षं घरात श्यामची बाजू घेणारी उमा एकटी होती. साइड बी तिला तोंडपाठ होती, आणि हे फक्त मीनलला माहीत होतं.

लाउडस्पीकर लावायला उल्हासनगरचा बबन आला. मालिनीबाईंनी त्याच्या हातात कॅसेट दिली आणि बजावलं, की दिवसभर हीच लागली पाहिजे.

"उलटी करायची का संपल्यावर, काकू?"

"खुशाल कर," मालिनीबाई म्हणाल्या. आयुष्यात इतक्या निर्धास्तपणे त्या क्वचितच काही बोलल्या असतील.

चौबळ मंडळी अकराच्या सुमारास आली. पुढे सुहासचे आजोबा आण्णा, धोतर, काठी, वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर हेडमास्तर होते आणि अजूनही समोरच्याच्या नखांकडे आधी पाहत. त्यांनी श्यामला जवळ बोलावून नखं पाहिली, पाठ थोपटली आणि सांगितलं, की रोज संध्याकाळी मी तुझी कॅसेट ऐकतो, पुढून आणि मागून. सुहासने खोकल्यासारखं केलं. त्याच्याकडे बाजारातली कॅसेट होती. त्याने मीनलकडे पाहिलं, मीनलने उमाकडे पाहिलं, उमाने स्वतःच्या बांगड्यांकडे पाहिलं.

विधी नीट पार पडले. ओटी भरली, पुडे दिले-घेतले, अंगठ्या झाल्या. वर कर्ण्यातून "उजाडलं इकडे" दोनदा उजाडलं. एकदा पुढून, एकदा मागून. मग पानं मांडली. वालाचं बिरडं, मसालेभात आणि खाजाचे कानवले. कानवल्यांसाठी मालिनीबाई आणि घरी काम करणारी चामटोलीची जनाबाई दोन दिवस राबल्या होत्या. कानवल्याचं ताट चिंतामणरावांनी स्वतःच्या हातात घेतलं. व्याह्यांना आपण वाढायचं, हा त्यांचा आग्रह.

वाढता वाढता ते श्यामपाशी आले. श्याम सुहासच्या शेजारी बसला होता. चिंतामणराव थांबले. मालिनीबाई तूप घेऊन मागेच होत्या.

"त्यांना विचार," चिंतामणराव म्हणाले, "उद्या किती वाजता निघणार आहेत."

मालिनीबाईंनी विचारलं. श्यामने ताटातून मान वर न करता सांगितलं, सकाळी. मालिनीबाईंनी "सकाळी" सांगितलं. चिंतामणरावांनी त्याच्या पानात एक कानवला ठेवला, मग क्षणभराने आणखी एक, आणि पुढे सरकले. आण्णा हे सगळं पाहत होते. त्यांनी शेजारच्या पानावरच्या, श्यामच्या बोलावण्यावरून आलेल्या लच्छूशेठला हळूच विचारलं, की मुलाला ऐकू कमी येतं का. लच्छूशेठ म्हणाले, "नाय साईं, बापाला."

तेवढ्यात कर्णा रडल्यासारखा झाला. "तू हसलीस" हे शब्द लांबत, जाड होत, शेवटी एखाद्या म्हशीने म्हणावेत तसे झाले आणि थांबले. बबनने डेक उघडला. आतून टेप निघत राहिली, हातभर, मग वावभर. त्याने ती गळ्यात घालून सगळ्यांना दाखवली.

मालिनीबाईंनी लच्छूशेठकडे पाहिलं. लच्छूशेठने बिरड्यात लक्ष घातलं.

"काही टेन्शन नाही काकू," बबन म्हणाला. "माझ्याकडे ओरिजिनल आहे."

उल्हासनगरातून ओरिजिनल निघेल हे मालिनीबाईंच्या हिशेबातच नव्हतं. त्या "अरे नको" म्हणेपर्यंत बबनने खिशातली कॅसेट आत टाकून बटण दाबलंही होतं. येताना टेम्पोत तो जिथपर्यंत ऐकत आला होता, तिथून ती सुरू झाली. टेम्पोत मुलगी नव्हती.

धड्. मग सरसर चाक फिरल्याचा आवाज. मग पुन्हा धड्.

चिंतामणराव ताट घेऊन जागच्या जागी थांबले. गच्चीवरच्या बाकीच्यांना ते ढोल वाटले असतील. चिंतामणरावांनी तो प्रेस ओळखला. लच्छूशेठच्या मेहुण्याचा पँटची बटणं ठोकायचा कारखाना होता, तिथे रात्रपाळीला जाऊन श्यामने तो आवाज भरून आणला होता. आणि त्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, कर्ण्यातून, अख्ख्या शिवमंदिर रोडला ऐकू जाईल असं, कुणीतरी बोलू लागलं:

"उठलात का? — हो का? — उपकार झाले.
आंघोळ कधी? — पाणी गेले.
नळ येतो सहाला, साहेब उठतात दहाला,
शेजारी विचारतात मला, पाहुणा कोण राहायला?"

शशिकांत खुर्ची पाडून वायरीकडे धावला, पण वायर कुठून कुठे जाते हे त्याला कळेना. त्याने एक प्लग ओढला आणि खालच्या मजल्यावरच्या कुणाचातरी फ्रिज बंद पडला. गाणं चालूच राहिलं.

"टोपी उलटी, पँट ढगळी,
चालतोय जशी बदकं सगळी.
इंग्रजीत नाचतोस, मराठीत खातोस,
बिरडं आलं की पुन्हा वाढून घेतोस."

इथे सुहासचा हात बिरड्याच्या वाटीवर थबकला. बिल्डिंगमधली माणसं, ज्यांनी पूर्वी दोन वर्षं हेच शब्द भिंतीपलीकडून फुकट ऐकले होते, ती एकेक करून चिंतामणरावांकडे वळली. उमाचे ओठ हलत होते. तिला ते थांबवता येत नव्हते.

जिन्याशी पाण्याची घागर घेऊन उभी असलेली जनाबाई म्हणाली, "बाय, यो त साह्यबांचा बोलना हाय." ती हळूच म्हणाली, पण नेमकी ठोक्याच्या फटीत म्हणाली, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"काम काय करतोस? — यो.
बाप काय सांगतो? — यो.
उद्या यम दारात आला,
त्यालाही म्हणशील — यो."

गाणं संपलं. बबनने कर्णा बंद केला, कारण आता सगळे त्याच्याकडे पाहत होते. गच्चीवर फक्त पंक्तीतल्या एका मुलाचं पापड मोडणं ऐकू येत होतं.

मालिनीबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. त्यांना वाटलं, मुलीचं लग्न मोडतं, मुलगा जातो आणि नवरा कायमचा मुका होतो, हे सगळं एका पंक्तीत उरकणारी आपलीच गच्ची असेल.

पहिले बोलले ते आण्णा. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "हे कुणाचं म्हणायचं?"

श्याम उभा राहिला. त्याचा चेहरा कव्हरवरच्या दोन्ही अर्ध्यांसारखा नव्हता. "बाबांचं," तो म्हणाला.

"अस्सं," आण्णा म्हणाले. "हेच मी चाळीस वर्षं वर्गात आणि वीस वर्षं या सुहासला सांगतोय. तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही." आणि ते बबनकडे वळले. "पुन्हा लावा. दुसरं कडवं नीट ऐकू आलं नाही."

हा बेलवलीचा कौल होता. त्याबरोबर गच्चीवरचे पक्ष भराभर बदलले. शशिकांत, जो अजून दुसऱ्या प्लगच्या शोधात होता, तो ताठ उभा राहून कुणालातरी सांगू लागला, की हे शब्द घरातलेच, लहानपणी मीही हेच ऐकलंय. सुहासचे वडील म्हणाले, चिंतामणराव, तुम्ही रचना करता हे बोलला नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, की यात अंगावरच्या चादरीबद्दलचं कडवं गाळलं आहे, ते सर्वांत चांगलं होतं. लच्छूशेठने चटकन विचारलं, कोणतं कडवं, आणि सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं.

चिंतामणरावांना यातलं काही ऐकू येत होतं असं दिसलं नाही. त्यांनी कानवल्यांचं ताट उमाच्या हातात दिलं, हात पंच्याला पुसले आणि ते श्यामच्या दिशेने निघाले. मालिनीबाई सवयीने, अडीच वर्षांच्या सवयीने, दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि उजवीकडे कान केला.

"त्यांना विचार—" चिंतामणराव म्हणाले आणि थांबले. ठोका पडायला हवा होता तेवढा वेळ गेला. प्रेस बंद होता.

"तू जरा बाजूला हो," ते म्हणाले.

मालिनीबाईंनी डावीकडे वळून श्यामला सांगितलं, "जरा बाजूला हो."

"त्याला नाही. तुला."

मालिनीबाई बाजूला झाल्या. मधली जागा मोकळी झाल्यावर बापलेक एकमेकांना प्रथमच पाहत असल्यासारखे उभे राहिले. श्याम उंच झाला होता की चिंतामणराव वाकले होते, हे सांगणं कठीण होतं.

"शेवटचं वाक्य कुठे गेलं?" चिंतामणराव म्हणाले.

लच्छूशेठ मदतीला धावले आणि सांगू लागले, की टेप संपली होती साहेब, तीस मिनिटांत एवढंच बसतं. चिंतामणरावांनी नुसता हात वर केला. फोरमनचा हात होता. लच्छूशेठ थांबले.

"मी दहा मिनिटं बोलायचो," चिंतामणराव म्हणाले. "तू सगळं घेतलंस. बदकं घेतलीस, यम घेतलास. शेवटचं का नाही घेतलं?"

"चहाचं?"

"चहाचं."

"ते नाही घेतलं," श्याम म्हणाला. "ते घरातलं होतं."

"मग बाकीचं काय मी चौकात उभा राहून बोलत होतो?"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. श्यामच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण डोळ्यांत काहीतरी वेगळंच चाललं होतं. तो म्हणाला, की बाबा, तुम्ही बोलायचे थांबलात ना, तेव्हा मला सकाळी जाग यायची आणि खोलीत काहीच आवाज नसायचा. मी आठवून आठवून म्हणायचो. विसरायला नको म्हणून भरून ठेवलं. ते गाणं झालं, ते नंतर.

चिंतामणरावांनी पंच्याची घडी केली. ती नीट झाली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा केली. पंक्तीतले लोक जेवायचं विसरले होते, आणि मालिनीबाई श्वास घ्यायचं.

"उद्या अंधेरीला जाणार म्हणे."

"हो."

"तिथे नळ किती वाजता येतो?"

"तिथे चोवीस तास पाणी असतं, बाबा."

चिंतामणरावांचा चेहरा हळूहळू तापू लागला. मालिनीबाईंनी ते ओळखलं. मान किंचित पुढे, उजवा पाय अर्धं पाऊल मागे, हात पाठीशी. पलंगाशी उभे राहायचे ते असेच. सगळ्या बिल्डिंगने आपोआप कान दिला.

"चोवीस तास," ते म्हणाले. थांबले. "म्हणजे सहाला नाही." थांबले. "सातला नाही." थांबले. "मग तू उठणार कधी, गाढवा?"

बबनने घाईघाईने डेकमध्ये कोरी कॅसेट टाकली. आण्णा मान हलवत होते, जशी ते चांगल्या विद्यार्थ्याच्या उत्तरावर हलवत. चिंतामणराव आता लागले होते. अंधेरी, तिथला भाडेकरार, तिथलं जेवण, गळ्यातली साखळी, बॅगेत न घेतलेलं स्वेटर. एकेक वाक्य, मग फट, मग पुढचं. त्या फटींमध्ये उमा ताटाच्या कडेवर बोटाने ठोका देत होती, आणि शशिकांतला तो या वेळी ओळखता आला.

श्याम मान खाली घालून ऐकत उभा होता. सगळं, अगदी एकही शब्द सांडू न देता.

मालिनीबाई रिकाम्या खुर्चीवर बसल्या. कुणाचं काही कुणाला सांगायचं नव्हतं. त्यांनी पुढ्यातला कानवला मोडला आणि तोंडात टाकला, आणि मग त्यांना आठवलं, की हे दहा मिनिटांत संपतं. त्या तशाच उठल्या आणि जनाबाईला म्हणाल्या, खाली जाऊन चहा टाक, आणि झाकून ठेव.